लाकडी कॅबिनेट करायचंय? मागची बाजू आधी पत्र्याची करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोळचं जुनं घर पाडलं, माळ्याच्या सागवानी फळ्या हाती आल्या, आणि त्यांतून संगणकाचं कॅबिनेट घरीच करायचं मनात आहे. मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य बोर्ड) मायक्रो एटीएक्स या लहान मापाचा आहे, ग्राफिक्स कार्ड पुढे घ्यायचं आहे. विचारलंय ते तीन गोष्टींबद्दल: उष्णतेनं लाकूड पेट घेईल का, फळी किती जाड ठेवावी, आणि सुताराला द्यावं की स्वतः हात घालावा.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. वडील सुतारकाम करायचे, मी संगणक दुरुस्तीत पडलो. दुकान रत्नागिरीत. आजवर नऊ लाकडी कॅबिनेटं केली. त्यातली पहिली दोन फसली, उरलेली सात चालू आहेत, एक तर माझ्याच टेबलाखाली गेली आठ वर्षं आहे. खाली जे लिहितोय त्यातलं निम्मं त्या फसलेल्या दोघांनी शिकवलेलं आहे.

पेट घेण्याची भीती सगळ्यांना आधी वाटते, आणि खरं तर ती यादीत शेवटी यायला हवी. लाकडी कॅबिनेट अडतं ते मागच्या बाजूला. कसं ते सांगतो.

मदरबोर्डच्या मागच्या सॉकेटांसाठी जी आयताकृती खिडकी लागते ती १५८.७५ बाय ४४.४५ मिमी, म्हणजे सव्वासहा इंच बाय पावणेदोन इंच. १९९५ साली इंटेलनं एटीएक्स हा बोर्ड आणि कॅबिनेट यांच्या मापांचा आराखडा आणला तेव्हापासून मापं अशीच आहेत. या खिडकीत बसणारी पातळ पट्टी जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्यात कट्कन अडकेल अशी बनवलेली असते. तिथे तुम्ही १२ मिमीची फळी लावलीत की पट्टी बसत नाही, आणि बसवलीत तरी एचडीएमआयची पिन सॉकेटपर्यंत पोचत नाही, कारण तिचं प्लास्टिकचं डोकं लाकडाला आधीच टेकतं. ग्राफिक्स कार्डाचंही तेच. त्याची धातूची पट्टी पत्र्याच्या दुमडलेल्या काठावर बसते, वरून एक स्क्रू येतो, आणि शेजारची खाच बरोबर २०.३२ मिमीवर असते. हे सगळं पटाशीनं लाकडात कोरणारे लोक मी पाहिलेत. एकानं तर आठवडा घातला. शेवटी कार्ड दीड मिमी वाकडं बसलं आणि मॉनिटरला मधूनच चित्र येईनासं झालं.

म्हणून पहिलं काम वखारीत नाही, भंगारवाल्याकडे. जुनं रिकामं कॅबिनेट वजनावर मिळतं. घेताना तीन गोष्टी बघा: मागची खिडकी वर सांगितलेल्या मापाची हवी, कार्डांच्या खाचा निदान चार हव्यात, आणि पॉवर सप्लाय बसायची जागा १५० बाय ८६ मिमीची हवी. कंपन्या ऑफिसांना जे तयार डेस्कटॉप विकतात त्यांतल्या काहींची मापं स्वतःची वेगळीच असतात. ती सोडा. साधं, जोडणीवाल्यांचं स्वस्त कॅबिनेट आपल्याला उत्तम. सडका पुढचा भाग, तुटलेलं बटण, गंजलेली झाकणं असू देत, ते आपल्याला नकोच आहे.

घरी आणल्यावर ग्राइंडर काढू नका. ही कॅबिनेटं रिव्हेटनी जोडलेली असतात. ड्रिलला ४ मिमीचं बिट लावून रिव्हेटचं डोकं उडवलं की पत्रे आपोआप सुटे होतात. पण मदरबोर्डचा ट्रे आणि मागचा पत्रा एकमेकांपासून सोडवायचे नाहीत. ते दोन्ही एल आकारात जोडलेलेच राहू द्या. बोर्डाची भोकं आणि मागची खिडकी यांचं अंतर कारखान्यात जुळवलेलं आहे, ते तुम्हाला आयतं मिळतंय. एकदा सुटं केलंत की पुन्हा जुळवायला अर्ध्या मिलिमीटरची कसरत करावी लागते. ट्रेवर बोर्ड उचलून धरणारे पितळी खांब असतात, साधारण साडेसहा मिमी उंचीचे. तेही जपून ठेवा, आणि तुमच्या बोर्डाला जिथे भोक नाही तिथला खांब काढून टाका, नाहीतर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करेल.

म्हणजे तुमचं कॅबिनेट आतून पत्र्याचा सांगाडा आणि बाहेरून लाकडी घर, असं होणार. काहींना ही लबाडी वाटते. मला वाटत नाही. १९७६ मध्ये ॲपलचा पहिला संगणक निघाला तेव्हा ६६६ डॉलर ६६ सेंटला नुसता उघडा बोर्ड मिळायचा, खोकं ज्याचं त्यानं करायचं. तेव्हाही पुष्कळांनी लाकूडच वापरलं, आणि कॅलिफोर्नियातल्या बाइट शॉप या दुकानानं काही संगणक कोआ नावाच्या हवाईच्या लाकडाच्या खोक्यात घालून विकले. फरक एवढाच, की त्या बोर्डाला मागे पंधरा सॉकेटं नव्हती आणि खाली तीनशे वॅटचं ग्राफिक्स कार्ड लटकत नव्हतं.

आता फळ्या. जुन्या घराचा साग म्हणजे सोनं आहे, कारण तो पन्नास-साठ पावसाळे खाऊन स्थिरावलेला असतो. पण त्यात खिळे असतात, आणि तुटलेल्या डोक्याचा खिळा डोळ्यांना दिसत नाही. वखारवाला आपल्या प्लेनरवर (रंध्याच्या यंत्रावर) अशी फळी चढवू देत नाही, आणि त्याचं बरोबर आहे, एका खिळ्यानं पात्यांचा संच जातो. मी मेलेली हार्ड डिस्क फोडून आतलं चुंबक काढतो, दोऱ्याला बांधतो आणि फळीवरून सावकाश फिरवतो. जिथे ओढ बसते तिथे खडूची खूण. हे चुंबक इतकं ताकदवान असतं की बोटभर खोल गेलेला खिळाही पकडतं. फळीच्या कडेला फिकट पांढरट पट्टा असेल तर तो तासून टाका. तो सालीकडचा भाग, सागाचा असला तरी त्याला भुंगा लागतो. वाळवीची मातीची रेघ दिसली तर ती फळीच बाजूला ठेवा.

साग नसता तर काय वापरलं असतं? आंब्याची फळी स्वस्त मिळते, पण आमच्याकडच्या हवेत ती दोन वर्षांत पिठासारखा भुगा सांडायला लागते. फणस सुंदर दिसतो, पिवळा, हळूहळू तांबूस होत जातो. मृदंगाचं खोड फणसाचं करतात ते उगाच नाही. शिवण हलकी आणि शांत. शिसव कॅबिनेटला फुकट जड. आणि ज्यांना लाकडाच्या भानगडीत पडायचंच नाही त्यांनी चार सुती प्लायवूड घ्यावा, म्हणजे अर्धा इंच, १२ मिमी. दुकानात आयएस ३०३ या भारतीय मानकातला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा दर्जा मागा. आयएस ७१० हा त्यावरचा, मरीन, आपल्याला गरज नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी, मात्र नको. पावसाळ्यात त्याचे काठ बिस्किटासारखे फुगतात आणि स्क्रूची पकड दुसऱ्यांदा उघडताना जाते.

सुतावरून आठवलं. आपल्याकडे सुतार अजून सुतात बोलतो, आठ सूत म्हणजे एक इंच, आणि संगणकाची सगळी मापं मिलिमीटरमध्ये असतात. एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी. सुतार त्याला तीन धरतो. दाराच्या चौकटीत ते खपतं, इथे दहा सुतांमागे पावणेदोन मिमीची चूक होते. कागदावर सगळं मिलिमीटरमध्ये लिहा आणि त्याच्या हातात मिलिमीटरची पट्टी द्या.

माझी पहिली चूक लाकडाच्या हालचालीबद्दल होती. २०११ सालचं काम, फणसाच्या फळ्या, वडिलांना न विचारता केलेलं. बाजूचं झाकण अखंड फळ्या जोडून ४०० मिमी रुंद केलं आणि चारी बाजूंनी खाचेत घट्ट चिकटवलं. मे महिन्यात ते तबल्यासारखं वाजायचं, इतकं ताणलेलं. एका दुपारी फट्ट असा आवाज आला आणि मधोमध उभी चीर गेली. पावसाळ्यात ती चीर मिटली, दिवाळीनंतर पुन्हा उघडली. वडील एवढंच म्हणाले, "फळीला बांधून ठेवलीस, ती दुसरं काय करणार?"

लाकूड त्याच्या अंगच्या रेषांच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेनं जवळजवळ हलत नाही. आडवं मात्र दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. साग यात सगळ्यांत सोशिक, तरीही २०० मिमी रुंदीच्या फळीत मे आणि जुलै यांमध्ये दोन मिमीचा फरक आमच्या किनाऱ्यावर मी मोजलेला आहे. पत्रा हलत नाही. म्हणजे न हलणाऱ्या पत्र्याभोवती हलणारं लाकूड बसवायचं आहे, आणि इथेच डोकं लावायचं.

मी असं करतो. वरची, पुढची आणि खालची अशा तीन फळ्या, तिन्ही २०० मिमी रुंद. रेषा अशा ठेवायच्या की वरच्या फळीत मागून पुढे जाणारी रेष पुढच्या फळीत खाली उतरेल आणि खालच्या फळीत परत मागे जाईल. एकाच लांब फळीतून ओळीनं तुकडे कापलेत तर कोपऱ्यावर नक्षीही सलग दिसते. आता तिन्ही फळ्या फक्त डावी-उजवीकडे हलतात आणि तिन्ही सारख्याच हलतात, त्यामुळे सांध्यांवर ताण येत नाही. पत्र्याचा ट्रे वरच्या आणि खालच्या फळीला एका सरळ रेषेत, रेषांच्या दिशेनं स्क्रू मारून बसतो. त्या दिशेला लाकूड हलतच नाही, म्हणून तिथे कितीही घट्ट आवळा. मागचा पत्रा मात्र रेषांना आडवा येतो. त्याला ट्रेच्या बाजूचे स्क्रू पक्के मारायचे आणि दुसऱ्या टोकाची भोकं कानशीनं लांबट करून घ्यायची, वायसर घालून स्क्रू हलकेच टेकवायचा. फळी दोन मिमी सरकली तरी स्क्रू त्या लांबट भोकात सरकतो.

बाजूची झाकणं पॅनेलच्या दारासारखी. ५० मिमीच्या पट्ट्यांची चौकट, आतून खाच, आणि खाचेत बिनचिकटवलेलं ६ मिमीचं पॅनेल, दोन्हीकडे दोन-दोन मिमी मोकळं. इतका खटाटोप नको असेल तर तिथे सागाचं व्हिनियर (पातळ पापुद्रा) असलेला दोन सुती प्लाय लावा, कोणाला कळत नाही. चुंबकं उरली असतीलच, झाकण धरायला चार कोपऱ्यांत तीच बसवा. एसएसडीला त्यांचा काही त्रास नाही, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर ती तेवढी चुंबकापासून दूर ठेवा.

कोपऱ्यांना डव्हटेल (एकमेकांत अडकणाऱ्या दातांचा सांधा) येत असेल तर करा, दिसायला त्यासारखं काही नाही. येत नसेल तर अर्ध्या जाडीची खाच पाडून चिकटवा आणि बाहेरून सागाच्याच ८ मिमीच्या खुंट्या ठोका. फेव्हिकॉल लावल्यावर शिकंजात रात्रभर राहू द्या, आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले की चौकोन गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. फळीची तयार जाडी १२ ते १५ मिमी पुरे. जुन्या फळ्या इंच-सव्वा इंचाच्या असतात, तशाच ठेवल्यात तर पेटी दोघांना उचलावी लागेल.

आतली मापं. ट्रेपासून झाकणापर्यंत १८० मिमी सोडा, कारण उभा कूलर साधारण १६० मिमी उंच असतो आणि खाली खांब, बोर्ड, सॉकेट मिळून पंधराएक मिमी जातात. ट्रेच्या पाठीमागे वायरींसाठी २० मिमी. झाले २०० मिमी. पेटीची पुढून मागेपर्यंतची खोली कार्डावर ठरते: कार्ड ३०० मिमीचं असेल तर अधिक पंखा २५, अधिक हात जायला थोडी जागा, म्हणजे ३५० ते ३६०. उंची तुमच्या भंगारातल्या पत्र्यानं आधीच ठरवून टाकली आहे.

आता हवा. दुसरं कॅबिनेट यात फसलं. पुढून अखंड फळी, काय देखणी होती, आणि हवा खालून येईल असा हिशेब. हिशेब चुकला. दुकानात एका कॉलेजच्या मुलासाठी केलेलं, तो गेम खेळायला बसला की वीस मिनिटांत मशीन बंद. त्याच्या वडिलांना मी काय काय कारणं सांगितली ते आठवलं की अजून लाज वाटते.

पत्र्याचं कॅबिनेट थोडीफार उष्णता अंगातून बाहेर टाकतं. लाकूड टाकत नाही. लोखंडी पत्र्यातून उष्णता लाकडाच्या तीनशे-चारशे पट सहज जाते. म्हणजे इथे आत तयार झालेली सगळी उष्णता हवेनंच बाहेर न्यायची. हिशेब सोपा आहे: वॅटला १.७६ नं गुणा आणि आतली हवा खोलीपेक्षा किती अंश जास्त तापलेली चालेल त्यानं भागा. उत्तर मिनिटाला किती घनफूट हवा लागेल ते येतं. (लाकूड घनफुटात विकत घ्यायचं आणि हवाही घनफुटात मोजायची, हा योग या एकाच उद्योगात.) २५० वॅटचं मशीन आणि १० अंश वाढ धरली तर ४४ घनफूट. १२० मिमीच्या पंख्याच्या खोक्यावर ५०-६० लिहिलेलं असतं, पण ते मोकळ्या हवेतलं. जाळी आणि फळीमागे निम्मं धरा. म्हणून पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. तुम्ही नागपूर-चंद्रपूरकडचे असाल आणि खोलीच ४२ अंशांवर असेल तर १० अंशांची चैन परवडत नाही, ५ धरा, म्हणजे हवा दुप्पट लागेल.

आणि ही हवा आत येणार कुठून? १२० मिमीच्या पंख्याचं मधलं बोंड वगळून तोंड जवळपास १०० चौरस सेंटिमीटर असतं. पंख्यापुढे निदान तेवढी उघडी जागा हवी. बहुतेक जण फळीला ओळीनं भोकं पाडतात. ६ मिमीची भोकं १० मिमी अंतरावर चौकोनी ओळीत पाडलीत तर उघडी जागा फक्त २८ टक्के भरते, आणि फळी जाड असल्यानं प्रत्येक भोक म्हणजे एक नळकांडं होतं, हवा त्यात अडते, शिट्टीसारखी वाजतेही. त्यापेक्षा पट्ट्या लावा. ८ मिमीची उभी पट्टी, ८ मिमीची फट. निम्मी जागा उघडी मिळते, शिवाय जुन्या घराच्या खिडकीच्या गजांसारखं दिसतं. पट्ट्यांच्या मागे पंखा लगेच चिकटवू नका, बोटभर अंतर सोडा, आवाज निम्म्यानं उतरतो. पंख्याची भोकं १०५ मिमीच्या चौकोनात येतात. पंखा आणि लाकूड यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घाला. पत्रा झणझणतो तसं लाकूड झणझणत नाही, पण पातळ पॅनेल घुमतं, आणि ट्यूबनं ते थांबतं.

पट्ट्यांच्या आतून बारीक जाळी हवीच. धूळ हे एक कारण झालं. आमच्याकडे पाल पॉवर सप्लायमध्ये शिरून मरते आणि सोबत पॉवर सप्लायलाही नेते, हे दुकानात वर्षाला चार-पाच वेळा बघतो. आणि कुंभारमाशी. तिला बोटभर भोक दिसलं की ती त्यात मातीचं घर बांधते. मशीन महिनाभर बंद असेल तर पंख्याच्या बोंडावरही बांधते. मच्छरदाणीची जाळी चौकटीवर ताणून बसवा आणि ती चौकट पुढून ओढून काढता येईल अशी ठेवा, म्हणजे महिन्यातून एकदा धुता येते. खालून रबरी पाय, निदान २० मिमी उंच. पॉवर सप्लाय खालून हवा ओढत असेल तर त्याच्या खालच्या फळीलाही खिडकी लागेल, आणि पायांमुळे फरशी पुसताना पाणी लाकडाला लागणार नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. लाकूड पेट घ्यायला अडीचशे अंशांच्या वर तापमान लागतं. प्रोसेसर शंभरच्या आसपास स्वतःच वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर बंद होतो. आतली हवा पन्नास-पंचावन्नच्या वर सहसा जात नाही. म्हणजे नुसत्या उष्णतेनं पेटणार नाही. धोका ठिणगीचा आहे: सैल बसलेला कार्डाचा पॉवर कनेक्टर, फळीच्या कडेनं सोललेली वायर, आणि पॉवर सप्लायच्या आतला बिघाड. म्हणून पॉवर सप्लाय त्याच्या लोखंडी डब्यातून कधीही बाहेर काढायचा नाही, जागा कितीही कमी पडो. वायर जिथून फळीतून जाते तिथे रबरी ग्रोमेट (कडं). कार्डाची पाठ ७०-८० अंशांपर्यंत तापते, तिच्यापासून लाकूड इंचभर लांब. आणि कनेक्टर शेवटपर्यंत दाबलेत याची खात्री बॅटरी मारून करा.

अर्थिंगबद्दल कोणी विचारत नाही आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं. लोखंडी कॅबिनेटमध्ये पॉवर सप्लायचा डबा, ट्रे, मागचा पत्रा सगळं एकमेकांना स्क्रूनं जोडलेलं असतं आणि तीन पिनी प्लगमधून अर्थला जातं. आपण पॉवर सप्लाय लाकडावर बसवला तर ही साखळी तुटते. बोर्डाला ग्राउंड त्याच्या वायरीतून मिळतं, मशीन चालतं, पण पुढच्या यूएसबीला हात लावताना अंगातली स्थिर वीज कुठून जाणार? बोर्डातून. म्हणून पॉवर सप्लायच्या एका स्क्रूपासून ट्रेपर्यंत हिरव्या रंगाची, दीड चौरस मिमीची वायर, दोन्हीकडे लग (स्क्रूखाली बसणारं धातूचं कडं) लावून, रंग खरवडलेल्या पत्र्यावर. घरच्या सॉकेटला अर्थ आहे का तेही तपासून घ्या. नसेल तर पॉवर सप्लायच्या आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरांमुळे पत्र्यावर मेनच्या निम्म्या दाबाची, ११५ व्होल्टच्या आसपासची वीज येते. प्रवाह अगदी थोडा असतो, जिवाला धोका नाही, पण मागे केबल लावताना मुंग्या येतात, आणि लोक बोट लाकडाकडे दाखवतात. जुन्या घरांत हे इतक्यांदा पाहिलंय की मी आता आधी टेस्टर घेऊनच जातो.

लाकूड रेडिओलहरी अडवत नाही. वाय-फायला ते बरंच आहे, अँटेना आत ठेवली तरी चालते. पण आतली गडबडही बाहेर येते, शेजारी मध्यम लहरींवर आकाशवाणी ऐकणारे कोणी आजोबा असतील तर त्यांना खरखर ऐकू येईल. बाजूच्या झाकणांना आतून अर्ध्या मिमीचा ॲल्युमिनियम पत्रा लावा आणि तोही त्याच हिरव्या वायरीला जोडा. ठिणगीपासूनही तोच आडोसा होतो. स्वयंपाकघरातली पातळ फॉइल मात्र चिकटवू नका. ती सुटते, आणि सुटलेला तुकडा नेमका बोर्डावर पडतो.

बटणासाठी फार शोधाशोध नको. दारावरच्या बेलचं बटण चालतं, पितळी मिळालं तर सागावर शोभून दिसतं. बोर्डाच्या पुढच्या पिनांच्या जोडणीत ६ आणि ८ क्रमांकाच्या पिना पॉवर बटणाच्या, क्षणभर एकमेकींना टेकल्या की मशीन चालू होतं. तिथे विजेचा दाब नगण्य असतो. फक्त दाबून सोडल्यावर परत वर येणारंच बटण हवं, दिव्याचा स्विच नाही. तो लावलात तर चार-पाच सेकंदांत मशीन पुन्हा बंद होईल.

पॉलिश आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे सारखं. हे सुतारही टाळतात, "आतून कोण बघतंय" म्हणतात. आतली बाजू गरम आणि कोरडी, बाहेरची पावसाळी हवेत दमट. आतून पॉलिश नसेल तर ती बाजू आकसते आणि फळी पन्हाळीसारखी वाकते. मला स्वतःला स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी (लाख) आवडते, लवकर वाळते आणि पुढे खरचटलं तर तिथल्या तिथे पुन्हा मारता येते. चहाचा कप वर ठेवायची सवय असेल तर पॉलियुरेथेन घ्या, चपडीवर पांढरं वर्तुळ उठतं. अळशीचं तेल लावणाऱ्यांनी एक ऐकावं: त्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आतल्या आत तापतात आणि आपोआप पेटतात. या सगळ्या कामात आगीचा खरा धोका मी एवढाच पाहिला, तोही संगणक जोडण्याच्या आदल्या दिवशी. फडकी उलगडून दोरीवर वाळत घाला किंवा पाण्यात बुडवा. कोणतंही पॉलिश असो, वास पूर्ण जाईपर्यंत आठ-पंधरा दिवस पेटी उघडी ठेवा, मगच बोर्ड आत. आणि भुसा उडवणारं कुठलंच काम बोर्ड आत असताना नाही, एक भोकसुद्धा नाही.

सुताराला द्यावं की स्वतः? फळ्या तासणं आणि कोपऱ्यांचे सांधे त्याला द्या, त्याच्याकडे यंत्र आणि हात दोन्ही आहेत. पत्रा, भोकं, पंखे, वायरी तुम्ही करा. त्याला कागद देऊन निघून येऊ नका, एल आकाराचा पत्रा आणि एक जुना बंद पडलेला मदरबोर्ड त्याच्यासमोर ठेवा. वस्तू हातात आली की चांगला सुतार आकृतीशिवाय काम करतो, आकृती हातात आली की तो तुम्हाला फोन करतो.

सगळं जोडून झाल्यावर आधी झाकण उघडं ठेवून तासभर मशीनला पूर्ण कामाला लावा आणि प्रोसेसर, कार्ड दोघांची तापमानं लिहून ठेवा. मग झाकण लावून पुन्हा तासभर. फरक पाच अंशांच्या आत असेल तर हवेचा मार्ग बरोबर आहे. दहाच्या वर गेला तर पुढच्या पट्ट्यांतली एकाआड एक पट्टी काढावी लागेल, म्हणून त्या पट्ट्या चिकटवू नका, मागून स्क्रूवर ठेवा.

एक राहिलंच. कार्ड कोणतं घेणार ते ठरलं नसेल तर फळ्या अजून कापू नका. तीनशे मिमीच्या पुढचं कार्ड आलं की खोली वाढते, आणि खोली वाढली की वर सांगितलेल्या सलग नक्षीसाठी एका फळीत तिन्ही तुकडे बसणार नाहीत. तुमच्याकडची सगळ्यांत लांब फळी खिळ्यांचा भाग सोडून किती भरते ते मोजून कळवा, मग कुठे कापायची ते सांगतो.